मूत्रमार्गाचा दाह आणि श्वासाचें संकट

खानदेशांत चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास व कधीं त्याच्याही वर जातो. धुळ्यास पांझरेचें पात्र कोरडें पडतें, आणि घरोघर एक तक्रार ऐकूं येऊं लागते, "उन्हाळी लागली!" लघवी थोडी थोडी व वरचेवर होते, जळजळ होते, रंग पिवळसर तांबूस दिसतो. घरांतील वडील मंडळी धन्याचें पाणी, सब्जा, वाळा घातलेलें माठांतलें पाणी, पातळ ताक असे उपाय सांगतात. आणि बहुतेक वेळां दोन दिवसांत तक्रार मिटतेही. म्हणून ह्या दुखण्याचा कोणी फारसा बाऊ करीत नाहीं. आणि करावा असें आमचेंही म्हणणें नाहीं. परंतु ह्या नित्याच्या तक्रारीआड कधीं कधीं एक निराळाच रोग लपलेला असतो. तो उष्णतेचा नसून जंतूंचा असतो, आणि क्वचित् प्रसंगीं तो मूत्रमार्गाची हद्द ओलांडून थेट फुप्फुसांत जाऊन बसतो. मग घरचीं माणसें गोंधळून विचारतात, "दुखणें लघवीचें, ही धाप मध्येंच कोठून आली?" ह्या प्रश्नाचें यथामति उत्तर द्यावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आरंभींच सांगितलें पाहिजे कीं, हीं दुखणीं विरळा आहेत. मूत्रमार्गाचा दाह झालेल्या शेंकडों माणसांपैकीं बहुतेक सर्व साध्या औषधोपचारानें बरीं होतात व त्यांच्या छातीला कसलाही धक्का लागत नाहीं. तरीही ह्या विषयास मासिकाचीं चार पानें देणें आम्हांस अवश्य वाटतें, त्याचीं कारणें दोन. एक, हें संकट वेळीं ओळखलें तर त्यांतून माणूस वांचतो, आणि ओळखण्यास उशीर झाला तर तें प्राणावर बेततें. दुसरें, ओळखण्याची किल्ली बहुतेक वेळां डॉक्टरांपेक्षां घरच्या माणसांच्याच हातीं असते; कारण छातीचें दुखणें घेऊन गेलेल्या रोग्याच्या लघवीची हकीकत घरच्यांनीं सांगितल्यावांचून डॉक्टरांस कळणार कशी?

उन्हाळी कोणती, रोग कोणता?

उन्हांत घाम फार गेला आणि पाणी कमी पडलें म्हणजे मूत्र घट्ट होतें व त्यांतील क्षार मार्गाला झोंबतात. पोटांत पुरेसें पाणी गेलें कीं ही जळजळ शमते. तींत ताप नसतो. जंतूंमुळें होणाऱ्या दाहाचें लक्षण निराळें. लघवी गढूळ होते, तिला घाण येते, ओटीपोट दुखतें, लघवी क्षणभरही आवरत नाहीं. दाह वर चढून मूत्रपिंडापर्यंत पोहोंचला, किंवा पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथींत शिरला, तर हुडहुडी भरून ताप येतो, कंबरेच्या वर एका बाजूस किंवा खालीं गुदद्वाराच्या पुढच्या भागांत ठणका लागतो, आणि ओकाऱ्याही होतात.

आपल्याकडे हुडहुडी भरून ताप आला कीं पहिला तर्क हिंवतापाचा होतो. पावसाळ्यांत तो पुष्कळदां खराही ठरतो, आणि त्यासाठीं रक्त तपासणें योग्यच आहे. परंतु रक्तांत हिंवतापाचा मागमूस नसतांही केवळ अंदाजानें त्याचीं औषधें चालूं ठेवणें, आणि लघवी मात्र न तपासणें, ही चूक टाळण्यासारखी आहे.

हे जंतु बहुतेक आपल्याच आंतड्यांतले असतात. त्यांपैकीं मुख्य जो ई. कोलाय, त्याचें वर्णन १८८५ सालीं थिओडोर एशेरिख नांवाच्या बालरोगतज्ज्ञानें प्रथम केलें. मूत्रमार्गाच्या दहा दाहांपैकीं सात-आठांस हाच एक जंतु कारण असतो. आंतड्यांत असतांना तो बहुधा निरुपद्रवी. परंतु तेथून मूत्रमार्गांत शिरला कीं घरचाच माणूस फितूर व्हावा तसा प्रकार होतो. एरव्हीं मूत्राचा वाहता प्रवाहच त्याला धुऊन काढतो. तो प्रवाह कोठें अडला, साचला किंवा फारच कमी झाला, म्हणजे जंतूंस वस्ती करावयास जागा मिळते.

आमच्या भागांत प्रवाह अडण्याचीं कारणें थोडीं नाहींत. कापसाच्या वा केळीच्या शेतांत दिवसभर राबणारा मनुष्य घामानें जेवढें पाणी गमावतो तेवढें पीत नाहीं. त्यामुळें मुतखडा होण्यास अनुकूल परिस्थिति आयतीच तयार होते. लग्नसराईंत किंवा देवदर्शनाच्या लांबच्या प्रवासांत बायका सोय नाहीं म्हणून पाणीच पीत नाहींत, आणि पांच-पांच, सहा-सहा तास लघवी रोखून धरतात. त्यांत मधुमेहाची भर पडली कीं जंतूंस मेजवानीच मिळते. कारण मूत्रांत साखर उतरते आणि शरीराची प्रतिकारशक्ति मंदावते.

साठीनंतरची ग्रंथि

पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशीं, गुदमार्गाच्या पुढें, अक्रोडाएवढी एक ग्रंथि असते. मूत्रनलिका तिच्या मधूनच जाते. हीच प्रोस्टेट ग्रंथि. तरुणपणीं तिचें वजन सुमारें २० ग्रॅम असतें. वयाबरोबर ती वाढूं लागते, आणि साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही वाढ कमीअधिक प्रमाणांत झालेली असते. सुश्रुतानें उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे प्रकार सांगतांना वाताष्ठीला नांवाचा एक प्रकार वर्णिला आहे. त्यांत मलमार्ग व मूत्राशय यांच्या मध्यें गोट्यासारखी घट्ट गांठ होऊन मूत्र अडतें, असें म्हटलें आहे. हें वर्णन वाचतांना वाढलेल्या प्रोस्टेटची आठवण कोणासही व्हावी.

ग्रंथि वाढली कीं मूत्राची धार बारीक होते, रात्रीं चार-चार वेळां उठावें लागतें, आणि लघवी होऊनही कांहीं मूत्र आंत शिल्लक राहतें. हें शिल्लक मूत्र म्हणजे न वाहणारें डबकें. त्यांत जंतु वाढले तर ते ग्रंथीच्या मांसांतही शिरतात. लघवी तुंबली म्हणून नळी घालावी लागलेल्या रोग्यांत तर हा धोका अधिकच. नळी जितके दिवस राहील तितकी जंतूंची वाट मोकळी. ग्रंथीचा दाह तीव्र झाला आणि उपचार अपुरा पडला, तर तिच्यांत पू धरून गळूं होतें. असें गळूं मधुमेही माणसांत अधिक आढळतें. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. औषध चालूं असतांही ताप उतरत नाहीं, लघवी अडते, बसवत नाहीं. आणि सोनोग्राफी किंवा सी. टी. स्कॅन केल्यावरच आंतला पू दिसून येतो.

यकृताची चौकी नसलेला रस्ता

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ग्रंथि कोठें आणि फुप्फुस कोठें! ह्या दोहोंचा संबंध शरीरांतील रक्ताचा मार्ग पाहिल्यावांचून ध्यानांत येत नाहीं.

आपल्या आंतड्यांतून निघणारें रक्त सरळ हृदयाकडे जात नाहीं. तें आधीं यकृतांत जातें, आणि तेथें त्यांतील जंतूंचा व विषाचा पुष्कळसा समाचार घेतला जातो. यकृत ही जणूं जकातीची चौकी आहे. मूत्रपिंडें, मूत्राशय आणि प्रोस्टेट ह्यांच्या रक्तास मात्र ही चौकी लागत नाहीं. प्रोस्टेटभोंवतीं नीलांचें एक दाट जाळें असतें. अठराव्या शतकांतील इटालियन शरीरशास्त्रज्ञ सान्तोरिनी ह्याच्या नांवानें तें ओळखलें जातें. त्या जाळ्यांतील रक्त ओटीपोटांतील मोठ्या नीलांतून महानीलेंत, तेथून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत, आणि तेथून थेट फुप्फुसांत जातें. म्हणजे ह्या मार्गानें निघालेल्या जंतूस भेटणारी पहिली चाळणी फुप्फुसांचीच.

ही चाळणी किती बारीक आहे पाहा. फुप्फुसांतील केशवाहिन्या आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारें दहाव्या हिश्शाएवढ्या असतात, आणि त्यांतून मिनिटास सुमारें ५ लिटर, म्हणजे दिवसाकांठीं ७,००० लिटर रक्त गाळून निघतें. रक्ताची एखादी गुठळी प्रवाहाबरोबर येऊन ह्या चाळणींत अडकूं शकते, हें जर्मनींतील विख्यात वैद्य रुडॉल्फ फिरखो ह्यानें १८४६ च्या सुमारास दाखवून दिलें. ती गुठळी जर जंतूंनीं भरलेली असेल, तर ती जेथें अडकेल तेथें नवें गळूं उठवील, हें उघडच आहे.

छातींत काय घडतें

मूत्रमार्गांतून छातीवर येणारीं संकटें मुख्यतः तीन वाटांनीं येतात.

पहिली वाट आतांच सांगितलेल्या गुठळ्यांची. प्रोस्टेटच्या किंवा मूत्रपिंडाच्या गळवाजवळील नीलेंत जंतुमय गुठळी बनते, तिचे तुकडे सुटतात आणि फुप्फुसांच्या कडेकडेच्या भागांत जाऊन रुततात. रोग्यास ताप, कोरडा खोकला, श्वास घेतांना कुशींत कळ, आणि कधीं थुंकींत रक्त, अशीं लक्षणें होतात. छातीच्या चित्रांत एक मोठा डाग न दिसतां दोन्ही बाजूंस लहान लहान गोल डाग दिसतात. कांहीं दिवसांनीं त्यांच्या मध्यें पोकळी पडते. आपल्या देशांत असें चित्र पाहिल्यावर क्षयाची शंका येणें साहजिक आहे, आणि कर्करोगाचीही भीति वाटते. परंतु मूळ गळूं ओटीपोटांत असेल, तर क्षयाच्या औषधांनीं त्याला उतार कसा पडावा? येथें रक्ताची जंतुपरीक्षा, लघवीची जंतुपरीक्षा आणि ओटीपोटाचें स्कॅन ह्या तीन गोष्टी मिळूनच खरें कारण सांगतात. कारण कळलें कीं गळवांतील पू काढून टाकावयाचा, आणि सांपडलेल्या जंतूवर लागू पडणारें औषध पुष्कळदां चार ते सहा आठवडे द्यावयाचें. एवढें नीट झालें तर फुप्फुसांतील डाग बहुधा विरून जातात.

दुसरी वाट विषाची. येथें जंतु स्वतः फुप्फुसांत पोहोंचलेच पाहिजेत असें नाहीं. रक्तांत शिरलेल्या जंतूंशीं लढतांना शरीराचीच यंत्रणा बेताल होते, आणि जागोजागच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरूं लागतात. ह्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. ती मूत्रमार्गांतून उद्भवली आणि फुप्फुसांतील भिंती पाझरूं लागल्या, म्हणजे हवेच्या पिशव्यांत पाणी भरतें. बाहेरून कितीही प्राणवायु दिला तरी तो रक्तापर्यंत पोहोंचत नाहीं. निरनिराळ्या कारणांनीं होणाऱ्या ह्या भयंकर अवस्थेचें एकत्र वर्णन अमेरिकेंतील डेन्व्हर येथील डॉक्टरांनीं १९६७ सालीं १२ रोग्यांवरून केलें. आज तिला ए. आर. डी. एस. असें संक्षिप्त नांव आहे. तिचें मूळ बहुतेक वेळां न्युमोनियांत असतें, मूत्रमार्गांत क्वचित्. परंतु तें जेव्हां मूत्रमार्गांत असतें, तेव्हां कृत्रिम श्वसनयंत्राइतकीच, किंबहुना अधिकच, निकड अडलेलें मूत्र मोकळें करण्याची असते. खडा अडकला असेल तर नळी घालून वाट करून द्यावी लागते; नुसत्या इंजेक्शनांनीं भागत नाहीं. येथें हिशेब दिवसांचा नसून तासांचा असतो.

तिसरी वाट शेजाराची. मूत्रपिंड आणि फुप्फुस ह्यांच्या मध्यें श्वासपटलाचा एक पातळ पडदा आहे. वर्षानुवर्षें दुर्लक्षिलेल्या मोठ्या मुतखड्यामुळें मूत्रपिंडांत पू साचला, तर त्या पडद्याच्या वरच्या अंगास, त्याच बाजूच्या फुप्फुसाच्या आवरणांत पाणी होऊं शकतें. अति विरळा प्रसंगीं तो पू पडदा फोडून श्वासनलिकेंत शिरतो, आणि रोगी खोकतांना मूत्रपिंडांतला पू थुंकतो! प्रवाह अडल्यामुळें खुद्द मूत्रच झिरपत जाऊन छातींत साचल्याचेंही नमूद आहे. त्या पाण्यास लघवीचा वास येतो, आणि त्यांतील क्रिएटिनिन रक्तांतल्यापेक्षां अधिक भरतें. ह्या एका साध्या परीक्षेनें निदान होतें. अडथळा दूर केला कीं छातींतलें पाणी पुनः होत नाहीं.

गर्भवती सुनेची काळजी

वरील विवेचन वाचून हा विषय केवळ म्हाताऱ्या पुरुषांचा आहे असा कोणाचा समज होईल. तो बरोबर नाहीं. गरोदरपणीं गर्भाशयाच्या भारानें आणि शरीरांतील रसांच्या फरकानें मूत्रवाहिन्या सैलावतात, मूत्र संथ वाहूं लागतें, आणि जंतु वर मूत्रपिंडाकडे सहज चढतात; विशेषतः उजव्या बाजूस. अशा तीव्र दाहांत कांहीं थोड्या स्त्रियांस श्वासाचा त्रास होतो, आणि तो पुष्कळदां औषध सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसतो. "आतां इंजेक्शन चालूं आहे, काळजी नाहीं," असें म्हणून घरच्यांनीं निर्धास्त राहण्याचा तो काळ नव्हे. सून बोलतांना धापा टाकूं लागली, किंवा तिला आडवें पडवेनासें झालें, तर "ह्या दिवसांत असें व्हायचेंच" हें समाधान तिच्यासाठीं व बाळासाठीं सारखेंच घातक आहे. गरोदरपणाच्या आरंभींच लघवीची जंतुपरीक्षा करून घेण्याचा जो प्रघात आहे, त्याचें कारणही हेंच. कसलीही तक्रार नसतां मूत्रांत जंतु सांपडतात, आणि त्याच वेळीं औषध दिल्यास पुढचें संकट पुष्कळ अंशीं टळतें.

मातींतला जंतु आणि जुना क्षय

दोन रोगांचा येथें स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. कारण फुप्फुस आणि प्रोस्टेट हीं दोन्ही ठिकाणें ते एकाच वेळीं धरूं शकतात.

पहिला मेलिऑयडोसिस. रंगून येथें अल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी ह्यांनीं १९११ सालीं तो प्रथम ओळखला व १९१२ सालीं त्याची हकीकत प्रसिद्ध केली. ह्याचा जंतु ओल्या मातींत व पाण्यांत राहतो, आणि पावसाळ्यांत जखमेंतून किंवा श्वासावाटे शरीरांत शिरतो. मधुमेही माणूस हें त्याचें आवडतें भक्ष्य. उत्तर ऑस्ट्रेलियांतील डार्विन येथील वीस वर्षांच्या नोंदींत निम्म्या रोग्यांस न्युमोनिया, आणि पुरुष रोग्यांपैकीं सुमारें पांचांत एकास प्रोस्टेटचें गळूं आढळलें. आपल्या देशांत ह्या रोगाची पहिली नोंद १९९१ सालीं मुंबईहून झाली. पुढें कर्नाटकाच्या किनारपट्टींत त्याचे पुष्कळ रोगी सांपडले. फुप्फुसांतील त्याचें चित्र क्षयासारखें दिसतें म्हणून तो लपून राहतो, आणि नेहमींच्या पांच-सात दिवसांच्या औषधानें तो जात नाहीं. आधीं शिरेंतून द्यावयाचें औषध निदान दोन आठवडे, व नंतर गोळ्या तीन महिने, असा त्याचा दीर्घ उपचार आहे. चिखलांत अनवाणी काम करणाऱ्या मधुमेही शेतकऱ्यास ताप, खोकला आणि लघवीची अडचण हीं तिन्ही एकत्र झालीं, तर ह्या रोगाचें नांव डॉक्टरांच्या मनांत येण्यास त्याचा शेतीचा व्यवसाय सांगणें पुरेसें होतें.

दुसरा आपला जुना वैरी क्षय. त्याचा जंतु रॉबर्ट कॉख ह्यानें २४ मार्च १८८२ रोजीं जगापुढें मांडला. येथें वाट बहुतेक वेळां उलटी असते. जंतु फुप्फुसांतून रक्तावाटे मूत्रपिंडांत जातो, तेथें वर्षानुवर्षें दबा धरून बसतो, आणि मागाहून मूत्राशय व प्रोस्टेट बिघडवतो. पण क्वचित् तेथूनही तो पुनः रक्तांत उतरून दोन्ही फुप्फुसांत बाजरीच्या दाण्यांसारखा विखुरतो. ह्याची एक खूण घरच्यांनीं लक्षांत ठेवावी. लघवींत पू आहे असें तपासणींत वारंवार निघतें, पण नेहमींच्या जंतुपरीक्षेंत एकही जंतु उगवत नाहीं. औषधांमागून औषधें होतात आणि तक्रार तशीच राहते. अशा वेळीं क्षयाची निराळी परीक्षा करण्याविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.

औषधापासूनही धाप लागते

ह्या प्रकरणाचा आणखी एक भाग असा आहे कीं, मूत्रमार्गांतील जंतु मरतात, परंतु त्यांना मारणाऱ्या औषधाचीच छातीला बाधा होते. नायट्रोफ्युरँटॉइन हें औषध १९५३ पासून वापरांत आहे आणि मूत्राशयाच्या साध्या दाहावर तें आजही उत्तम मानलें जातें. लाखों लोक तें घेतात व त्यांना कांहींही होत नाहीं. परंतु थोड्यांना तें सुरू केल्यापासून एक-दोन आठवड्यांत ताप, कोरडा खोकला व धाप लागते. औषध थांबवलें कीं हा त्रास लवकर ओसरतो. पुनः घेतल्यास मात्र तो कांहीं तासांतच उलटतो. दुसरा प्रकार अधिक कपटी आहे. वारंवार दाह होऊं नये म्हणून तेंच औषध सहा-सहा महिने किंवा वर्षभर रोज घेणाऱ्या, बहुधा वयस्क, स्त्रियांत फुप्फुस हळूहळू चिवट होत जातें. जिना चढतांना दम लागतो, आणि तो वयाचा समजला जातो. म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे जातांना "लघवीसाठीं अमुक गोळी चालूं आहे," हें सांगण्यास विसरूं नये. आणि गोळी मनानें न सोडतां त्यांच्या सल्ल्यानें बदलावी.

असाच एक विरळा प्रकार मूत्राशयाच्या कर्करोगावर बी. सी. जी. लस मूत्राशयांत सोडण्याचा उपचार करतात त्यांत दिसतो. १९७६ सालीं हा उपचार प्रसिद्ध झाला व तो फार गुणकारी ठरला. पण नळी घालतांना इजा झाल्यास ती जिवंत लस रक्तांत शिरून फुप्फुसांना दाह करूं शकते. असा उपचार घेतलेल्या माणसास कित्येक दिवस ताप राहिला, तर ती हकीकतही डॉक्टरांच्या कानीं घालणें अवश्य आहे.

संकोचाची किंमत

इतक्या रोगांची नांवें वाचल्यावर वाचक विचारतील कीं, सामान्य गृहस्थानें हें सर्व कसें लक्षांत ठेवावें? तें ठेवण्याची मुळींच गरज नाहीं. त्यानें ठेवावयाची गोष्ट एकच : छातीच्या आणि लघवीच्या तक्रारी एकाच माणसास एकाच सुमारास झाल्या, तर त्या दोन्ही एकाच डॉक्टरांस एकाच वेळीं सांगाव्या.

हें दिसतें सोपें, पण आमच्या एकत्र कुटुंबांत तें सोपें नाहीं. आजोबांना रात्रींतून पांच वेळां उठावें लागतें हें आजींना ठाऊक असतें. आजी तें मुलापाशीं बोलत नाहींत, आणि मुलगा वडिलांना विचारण्यास धजत नाहीं. धोतर ओलें होतें म्हणून आजोबा पाणी पिणेंच कमी करतात, आणि त्यामुळें दुखणें वाढतें. सून आपली जळजळ सासूपासून लपवते, सासू आपला त्रास मुलापासून लपवते. आणि सगळेच जण डॉक्टरांपुढें फक्त खोकल्याची गोष्ट काढतात. डॉक्टर छातीचें चित्र पाहून छातीचें औषध देतात, कारण त्यांच्यासमोर तेवढीच हकीकत आलेली असते. मर्यादा हा आमच्या घरांचा अलंकार आहे, हें आम्हांस मान्य आहे. पण दुखण्यापुढें ती सैल करावी, असें शास्त्रालाही संमत आहे. ज्या आयुर्वेदानें मूत्राघात व अश्मरी ह्यांचें सविस्तर वर्णन उघड उघड लिहून ठेवलें, त्याच्या वारसांनीं लघवी हा शब्द उच्चारण्यास लाजावें हें विपरीतच म्हटलें पाहिजे.

म्हणून घरांतील कर्त्या माणसांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

लघवीच्या जळजळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर ती उन्हाळी समजूं नये. त्याच दिवशीं लघवीची साधी तपासणी व जंतुपरीक्षा करावी, आणि जंतुपरीक्षेसाठींचा नमुना शक्यतों औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वीं द्यावा.

म्हाताऱ्या माणसास पुष्कळदां ताप येतच नाहीं. ते एकाएकीं असंबद्ध बोलूं लागतात, अन्न टाकतात, किंवा निपचित पडून राहतात. ह्याला वयाचा भ्रम म्हणण्यापूर्वीं लघवी तपासावी.

तापांतील रोगी स्वस्थ पडला असतां घड्याळ लावून त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे. प्रौढ माणसाचे ते २२ किंवा अधिक भरले, बोटाला लावावयाच्या यंत्रांत प्राणवायूचा आंकडा ९४ च्या खालीं गेला, किंवा हातपाय गार पडून लघवी होईनाशी झाली, तर सकाळ उजाडण्याची वाट पाहूं नये. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे, आणि जळगांवासही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालूं आहे. एके काळीं ज्यासाठीं नाशिक-मुंबईची वाट धरावी लागे, त्यांतलें पुष्कळसें आतां जवळ आलें आहे.

औषधाचे दिवस डॉक्टरांनीं सांगितले असतील तितके पुरे करावे. प्रोस्टेटच्या दाहांत ते साध्या दाहापेक्षां बरेच अधिक, सामान्यतः दोन ते चार आठवडे असतात. तिसऱ्या दिवशीं बरें वाटलें म्हणून गोळ्या ताकांत ठेवून देणें म्हणजे शत्रूला दम घेण्यास उसंत देणें होय. ज्यांना नळी घातली आहे त्यांनीं ती किती दिवस ठेवावयाची हें विचारून घ्यावें, आणि पिशवी नेहमीं मूत्राशयाच्या पातळीच्या खालीं राहील असें पाहावें. मधुमेह असल्यास साखर ताब्यांत ठेवावी. उन्हाळ्यांत लघवीचा रंग फिकट राहील इतकें पाणी प्यावें. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं मात्र पाण्याचें प्रमाण डॉक्टरांस विचारून ठरवावें. आणि प्रवासांत बायकांच्या सोयीसाठीं गाडी थांबवण्याची मागणी पुरुषांनीं स्वतः होऊन करावी. तींत कसलाही कमीपणा नाहीं.

शरीरशास्त्राच्या पुस्तकांत मूत्रेंद्रियें आणि श्वसनेंद्रियें ह्यांचीं प्रकरणें वेगवेगळीं छापलेलीं असतात, आणि मोठ्या शहरांत त्यांचे डॉक्टरही वेगवेगळे असतात. रक्त मात्र हीं प्रकरणें ओळखत नाहीं. तें एकाच फेऱ्यांत दोन्हींतून वाहतें. ही गोष्ट ज्या घरास उमजली, त्या घरांतील आजोबांचा खोकला ऐकतांना कोणी तरी हलकेच विचारील, "आणि लघवीचें कसें काय आहे?" तेवढ्या एका प्रश्नानें एखादा जीव वांचण्यासारखा आहे.